गाठोड्यातला देव

आपल्या आत्मकथनांवर प्रस्थापित समीक्षक लिहायला बसला की त्याच्या पेनातून पहिला शब्द गळतो तो 'वेदना'. मग 'दाहक'. मग 'अनुभवविश्व'. एवढे तीन शब्द पडले की लेख उरकला. दया पवार यांचं 'बलुतं' १९७८ साली आलं, लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली, बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली. इतकी वर्षं लोटली, पण यांची 'वेदना' काही संपत नाही. पुस्तकातली माणसं चालतायत, पळतायत, रातोरात बिऱ्हाड उचलतायत, दुसऱ्या गावच्या शिवेवर अडवली जातायत, आणि हे साहेब काठावर बसून हळहळतायत.

मी समीक्षक नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा असतो, तुटलेली तार सांधतो, आणि कविता करतो. पण रात्रपाळीच्या सुट्टीत, कापसाची भुकटी अंगावर तशीच असताना, ही पुस्तकं वाचली आणि ती मला जशी दिसली तशी मांडतो. सगळ्या पुस्तकांना मी एकच गोष्ट विचारत गेलो : निघालं कोण, निघताना काय उचललं, आणि मागं कोण राहिलं?

सरकारी कागदात ह्याला 'स्थलांतर' म्हणतात. कसा इस्त्रीचा शब्द! जणू माणूस म्हणजे टेबल, या खोलीतून उचललं, त्या खोलीत ठेवलं. २०२० च्या टाळेबंदीत हा शब्द रोज छापून यायचा. ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून रुळांच्या कडेनं गावाकडं निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. रुळांवर रोट्या विखुरलेल्या होत्या. बातमीत तरीही ते 'स्थलांतरित'च.

आपल्या आयाबाया हा शब्द वापरत नाहीत. त्या म्हणतात, गाव सोडलं. नाहीतर म्हणतात, गाव सुटलं. नाहीतर म्हणतात, गावानं काढलं. तीन क्रियापदं, तिन्हींचा करणारा वेगळा. पहिल्यात आपण, दुसऱ्यात भूक, तिसऱ्यात पाटील. समीक्षकानं नुसती ही तीन क्रियापदं कानात ठेवून वाचलं असतं तरी आपलं निम्मं गद्य त्याला कळलं असतं.

'गावानं काढलं' याचे दाखले लांब शोधायला नकोत. १९७२ साली इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात गावानं दलितांवर बहिष्कार टाकला, आणि त्याच वर्षी पँथर उभी राहिली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतरच्या दिवसांत गावोगाव आपली घरं पेटली, टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारलं, माणसं लेकरं घेऊन शहराकडं पळाली. नाव अखेर १९९४ च्या जानेवारीत लागलं, तेही विस्तार करून. त्या सोळा वर्षांत जे गावाकडं परतले नाहीत त्यांना 'स्थलांतरित' म्हणाल? त्यांना आपल्या भाषेत जुना शब्द आहे, परागंदा.

आता 'सुटलं'. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून बापाच्या मागं पायी मुंबईला आले. पोटानं चालवलेलं चालणं ते. त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगावात तोंडातोंडी झाली, आणि आजही आपल्या पेठेत जयंतीला कुणीतरी ती उचलतोच. मला ती छक्कड फार प्रिय. पण मुद्दा बघा : निघालेला पुरुष गातोय, राहिलेली बाई त्याच्या गाण्यात आहे. मैनेला काय वाटलं? तिनं त्या वर्षात काय खाल्लं, कुणाच्या वाड्यावर राबली, कुठल्या देवाला काय बोलली? छक्कड संयुक्त महाराष्ट्राची आहे, तिच्याकडून तो हिशेब मागणं बरोबर नाही. पण साहित्याकडून मागायलाच पाहिजे, कारण मुंबईला गेलेल्यांपेक्षा मागं राहिलेल्या बायका कमी नव्हत्या.

'बलुतं'ची ताकद मला वाटतं ती वेगळ्याच जागी आहे. दगडू मारुती पवार हा दया पवारला आपली कहाणी सांगतो. म्हणजे माणूस एकच, आणि तोच गावातनं निघालेला आणि तोच मागं राहिलेला. मुंबईच्या कावाखान्यात आलेली माणसं गाव सोडून आली, पण गावातली रीत, भांडणं, मान-अपमान, सगळं बरोबर आलं. धामणगावचा दगडू नोकरीच्या खुर्चीवर बसलेल्या दयाला सोडत नाही. पांढरपेशा वाचकाला हे पुस्तक कबुलीजबाब वाटलं, त्यातल्या उघडेपणावर त्यानं चवीनं चर्चा केली. आपल्यातल्याही काहींना राग आला, की घरची लाज चव्हाट्यावर मांडली. दोघांनीही पुस्तकाचा सांगाडा बघितला नाही. गाव सुटलं तरी माणूस त्यातून निघत नाही, हे सांगण्यासाठी पवारांना स्वतःचे दोन तुकडे करावे लागले.

आणि 'सोडलं' हे क्रियापद कुणी दिलं? बाबासाहेबांनी. गाव म्हणजे काय हे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत उभं राहून सांगितलं : खेड्यांचे गोडवे गाणाऱ्यांना ते अज्ञानाचं आणि कोत्या वृत्तीचं डबकं दाखवलं. त्याआधी १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी वेगळी गावं मागितली. आपण पिढ्यान् पिढ्या हाकलले जात होतो, त्यांनी त्या हाकलण्याची मागणी करून टाकली. तुम्ही काय काढता, आम्हीच निघतो, पण जमीन घेऊन निघतो. आणि १९३६ च्या मे महिन्यात मुंबईत महार परिषदेपुढं धर्मांतराविषयी बोलताना त्यांनी दृष्टांत कुठला घेतला? नावाड्याचा. प्रवासाला निघण्याआधी नावाडी जशी तयारी करतो तशी आपल्याला करायची आहे, असा. धर्म सोडणं हेसुद्धा त्यांच्या लेखी निघणं होतं, पोहोचायचा किनारा ठरवून निघणं. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. एकवीस वर्षं तयारी.

इथं एक शब्द सांगण्यासारखा आहे. 'वतन'. उर्दू शायरीत वतन म्हणजे मायदेश, ज्याच्यासाठी जीव टाकतात. आमच्याकडं महारवतन म्हणजे बारा महिने चोवीस तास गावाची वेठ, आणि ती टाकून जायची सोय नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ते वतन मोडलं, त्याच साली गुन्हेगार ठरवलेल्या जातींची हजेरीही बंद केली. बाकी मुंबई राज्यात वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे ज्याला आपण 'मुळं' म्हणून गळे काढतो, ती मुळं पायातली बेडी होती. कुणाला गावाबाहेर जायची बंदी, कुणाला गावात थांबायची बंदी.

थांबायची बंदी असलेल्यांचं पुस्तक म्हणजे 'उपरा'. कैकाड्याचं बिऱ्हाड, गाढवं, फोकाच्या पाट्या-कणग्या, आज या गावाबाहेर पाल, उद्या त्या. आपण जय भीमवाले तरुण 'गाव सोडा, शहरात चला' हे एकच चित्र डोळ्यापुढं ठेवून सगळी आत्मकथनं वाचतो. 'उपरा' ह्या चित्राला बसत नाही, म्हणून आपल्या बैठकांत त्यावर कमी बोललं जातं. ज्याला महारवाडासुद्धा नाही, त्यानं काय सोडायचं? गावकुसाबाहेरची जागा ही आपल्याला अपमान वाटते, आणि ती बरोबरच वाटते. पण भटक्याला तीसुद्धा चार दिवसांपुरती, पाटलाच्या मर्जीवर. साहित्य अकादमीनं १९८१ साली 'उपरा'ला पुरस्कार दिला म्हणून ते मोठं नव्हे. आपल्या चळवळीच्या नकाशावर जी वाट काढलेलीच नव्हती ती त्यानं दाखवली म्हणून मोठं. माझी तक्रार एवढीच की शाळेची पायरी वर चढत जाते तसतशी मागची गाढवं आणि बायका धूसर होत जातात. शिकून वर येणाऱ्याचं पुस्तक असल्यावर हे टळत नसावं. 'बलुतं'मध्येही तेच होतं, पण तिथं दगडू ओरडत राहतो.

आता मी ज्या पुस्तकासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडं येतो.

काही दिवसांमागं आमच्या मंगळवार पेठेतल्या वाचनाच्या बैठकीत 'जिणं आमुचं' घेतलं होतं. मोठ्यानं वाचायचं, मग बोलायचं, अशी आमची रीत. आषाढाचा भाग आला. पोतराज, रेडा, अंगात येणं, हळद-कुंकू, थोरल्या पोराला देवाला वाहणं. एक मित्र म्हणाला, "ही पानं सोड लगा. बाहेरची पोरं बसल्यात. आपलीच लाज निघती. बाबासाहेब आल्यापास्नं पुढं वाच." दोघातिघांनी माना हलवल्या. कार्यकर्ते चांगले, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेले. मी वाचत राहिलो. वाद झाला. त्या वादात जे धड बोलता आलं नाही ते इथं लिहितोय.

ती पानं सोडली तर पुस्तकात उरतं काय? अंधार होता, मग सूर्य उगवला. एवढंच सांगायचं असतं तर त्याला बेबीताई कशाला पाहिजेत, आपल्याकडं हजार गाणी आहेत. बेबीताईंनी अंधारात काय काय होतं ते सांगितलं. वर्षभर शिळं-उष्टं खाऊन, चिंध्या नेसून राहणारा वीरगावचा महारवाडा आषाढात घरं सारवतो, अंघोळी होतात, गोडाचं शिजतं. जिला वर्षभर कुणी 'बस' म्हणत नाही त्या बाईच्या अंगात येतं आणि सगळा वाडा तिच्यापुढं वाकतो. ती बोलेल ते ऐकतो. हे लिहिताना बेबीताई देवाची बाजू घेत नाहीत. त्यांना फसवणूक पुरती कळलेली आहे, आणि त्या चिडूनच लिहितात. पण त्या बाईला हसत नाहीत. तिला दुसरं बोलायचं ठिकाणच नव्हतं, हे त्यांच्या चिडण्यातही दिसत राहतं. आपल्या भाषणातली 'अंधश्रद्धा' या शब्दाला हे दिसत नाही. तो शब्दही तसा इस्त्रीचाच.

आणि पुढची पानं तर आपण पुरुषांनी उभं राहून वाचावीत. सुनेच्या पायात लाकडी खोडा. पळून जाईल म्हणून. कोवळ्या पोरीला पहाटे जात्यावर बसवणं. संशयावरून नाक कापणं. गावानं आपल्याला गुलाम केलं, आणि आपल्याला गुलाम करायला कुणी मिळालं नाही म्हणून आपण सुना केल्या, असं गणित बेबीताई मांडतात. वर मी तीन क्रियापदं सांगितली, ती या सुनेला लावून बघा. तिला माहेर सुटलेलं, सासर सोडता येत नाही, आणि काढलं तर जायला जागा नाही. अण्णाभाऊंच्या मैनेचा जो हिशेब मी मागत होतो तो इथं, फलटणच्या एका दुकानदार बाईच्या वहीत, आलेला आहे.

ती वही तिनं कशी लिहिली हेही सांगितलं पाहिजे. गिऱ्हाईक नसताना, गल्ल्यावर बसून, आणि नवऱ्यापासून लपवून. वीस वर्षं लिखाण दडवून ठेवलेलं. नवरा चळवळीला मानणारा, घर जय भीमचं. अशा घरात एका बाईचं लिखाण वीस वर्षं भूमिगत होतं. परागंदा व्हायला गाव सोडावंच लागतं असं नाही.

आता पुस्तकाचं उणं. बाबासाहेबांचं आगमन झाल्यावर बेबीताईंची भाषा बदलते. जेजुरीचं भाषण, पोरं शाळेत घालायची हाक, पेटलेला महारवाडा, हे सगळं खरं आणि अंगावर काटा आणणारं. पण तिथून पुढं भाषा आरतीच्या चालीवर जाते. खोड्यातली सून दिसेनाशी होते. 'आम्ही' हा शब्द इतका मोठा होतो की त्यात 'ती' बुडते. धर्मांतरानंतर सासूनं खोडा काढला का? नाक कापणारा हात पंचशील म्हणायला जोडला तेव्हा आधी काही बोलला का? पुस्तक तिथं गप्प आहे. कुणी म्हणेल, श्रद्धेनं लिहिणाऱ्या बाईकडून एवढी अपेक्षा कशाला? पण पहिल्या निम्म्या पुस्तकात तिनंच आपल्याला एवढं बघायची सवय लावली. ती सवय घेऊनच मी पुढं वाचतो. उर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ साली आलं, त्यात हा धागा पुन्हा उचललेला दिसतो : कोकणातल्या डोंगरवाटांनी रत्नागिरीच्या बाजाराला डोक्यावर ओझं घेऊन जाणाऱ्या बायका, सूप-टोपल्या विणणारी आई, आणि दीक्षेनंतरच्या घरातही बाईची जागा कुठं राहिली ते. बेबीताईंनंतर लगेच 'आयदान' वाचा, दोन्ही पुस्तकं एकमेकींशी बोलतात.

मित्र म्हणाला होता लाज निघते. माझ्या आजीचं सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आजा-आजी जत तालुक्यातनं कोल्हापूरला आले, निम्मी वाट पायी. गाठोड्यात एक वाकळ, दोन भांडी, आणि परडी. यल्लम्माची. मी चौदा-पंधरा वर्षांचा असताना, नुकताच शिबिराला जाऊन आलेलो, तिला तावातावानं विचारलं होतं की अन्न नव्हतं आणि परडी कशाला वागवलीस? ती म्हणाली, "रस्त्यात वळकीचं दुसरं कोण हुतं रं?" ह्या वाक्यात देवाचा महिमा नाही. उपाशी बाईला अनोळखी रस्त्यावर सोबत लागते, आणि तिच्याजवळ तेवढीच होती. परडी आता नाही. तिनंच एका वैशाख पौर्णिमेच्या आधी पंचगंगेत सोडली, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. का सोडली ते मला सांगितलं नाही. ते विचारणारं आणि लिहून घेणारं साहित्य मला पाहिजे. परडी टाकली तो दिवस आपण साजरा करतो. ती उचलली त्या दिवसाचं काय, आणि मधल्या वर्षांचं?

हे मी कोल्हापुरात बसून मुद्दाम लिहितो. कारण इथं देव ही नुसती सोबत नव्हती, इथं देवीच्या नावावर पोरींना वाटेला लावलंय. सौंदत्तीची यात्रा, मग आपल्या ओढ्यावरच्या यल्लम्माची आंबील. घोळात जट निघाली की पोर 'देवीला सोडायची'. बघा, पुन्हा तेच क्रियापद, सोडणं. पण इथं सोडणारा दुसरा आणि सुटलेली आपली पोर. त्यातल्या कितीतरी जणी या सीमाभागातनं मुंबईच्या कामाठीपुऱ्यात पोहोचल्या. पोरी बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या, महार-मांगांच्या. श्रद्धा, हकालपट्टी आणि बाजार, तिन्ही एकाच पोरीच्या गळ्यातल्या मोत्यात. गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात देवदासी स्वतः रस्त्यावर उतरल्या, मोर्चे काढले. महाराष्ट्राचा नवा कायदा २००५ साली झाला.

यावर लिहिलं कुणी? राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' लिहिलं. भाषा अस्सल इकडची, कळवळा खरा, मी दोन्ही आदरानं वाचली. पण ती बघणाऱ्याची पुस्तकं आहेत, भोगणारीची नव्हेत, आणि गवसांनीही तसा आव आणलेला नाही. ढसाळांनी १९७२ साली 'गोलपिठा'त मुंबईच्या त्या गल्ल्यांना तोंड दिलं. गल्ली सापडली, पण गडहिंग्लजच्या कुठल्या वाडीतनं, कुणाचं बोट धरून, कुठल्या यष्टीत बसून ती तिथं आली, हा रस्ता सांगणारं तिचं स्वतःचं पुस्तक आमच्या फळीवर नाही. बेबीताईंच्या गल्ल्यामागं जशी वही होती तशी कुठल्यातरी ट्रंकेत असेलही. आणि आपण मात्र आषाढाची पानं लाज वाटते म्हणून उलटून टाकतोय. तसं वाचणाऱ्या पोरांच्या हातात कुठली जोगतीण आपली वही देईल?

तर दोस्तहो, पुढच्या अंकाचं असं ठरवलंय. प्रत्येकानं घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला दोन गोष्टी विचारायच्या : गाव सोडलं, सुटलं की काढलं, आणि गाठोड्यात काय होतं. ती बोलेल तसं, तिच्याच बोलीत, उतरवून घ्यायचं. देवाचं नाव आलं तर खोडायचं नाही, शिवी आली तरी खोडायची नाही. तिनं 'तुझ्या बापाला सांगू नको' म्हटलं तर नाव छापणार नाही. शुद्धलेखन आम्ही तपासत नाही. कागद रविवारी सकाळी पेठेत आणून द्या, दहाच्या आत, कारण दुपारनं माझी पाळी असते आणि स्टेन्सिल मलाच कापायच्या आहेत.